उसवलेली ओळ

मिर्फ्यात गुलजमान शिंपी
अबायांच्या कातरणी पोत्यात भरून ठेवतो माझ्यासाठी.
पैसे घेत नाही. म्हणतो, बाजी, काळाच तर आहे सगळा.
पण काळा काही एकच नसतो.
खिडकीशी धरला की एखादा निळ्यावर जातो,
एखादा तांबूस, एखादा पार राखेकडे निघालेला.
पाणकावळ्यांचा थवा मी सात काळ्यांतून कापला.

फ्लेमिंगोंनी मात्र रडवलं.
दुकानातला गुलाबी फार लग्नाचा.
बीट उकळून पाहिलं,
दुसऱ्या धुण्याला पळालं.
शेवटी शर्वरीचा बालवाडीतला फ्रॉक काढला,
उतरत उतरत दुधावर आलेला.
कातरी चालवताना ती शेजारीच उभी होती, तेरा वर्षांची,
काही बोलली नाही.
फक्त बटणं मागून घेतली.

आई फोनवर म्हणते,
"भिंतीवर टांगायची गोधडी?
मग पांघरायचं काय?
आणि हरणाची शिंगं अशी भाल्यासारखी सरळ कशी गं?"
हरीण नव्हे ते, ओरिक्स. सर बनी यासला पाहिला,
भर दुपारी, एका झुडपाच्या मूठभर सावलीत
फक्त डोकं घालून उभा होता,
बाकीचा सगळा उन्हात.
एवढं सगळं सांगितलं तिला.
तो दिगंबरच्या बनियनचा आहे, हे नाही सांगितलं.

समुद्रही दिगंबरचाच.
खारं पाणी गोडं करायच्या कारखान्यात तो अठरा वर्षं.
त्याचे जुने बॉयलर सूट टेबलावर पसरले
तर किनाऱ्यापासून आत जाताना लागतात ते सगळे निळे मिळाले.
गुडघे म्हणजे उथळ, पोटरीएवढं पाणी.
पाठ जरा पुढची.
खिसा उसवला तर त्याखाली
कधीच ऊन न लागलेला एक चौकोन,
तिथे बोटीचा नांगर पोचणार नाही.

त्या पाण्याखाली हिरव्या धाग्याने गवत घातलं,
धावदोरा, दाट, चार महिने.
गवत कुणासाठी, तर डुगाँगसाठी.
तिचे पाच कागदी साचे करून झाले.
एक उशीसारखा झाला,
एक आमच्या जुन्या साहेबांसारखा.

खमीसच्या बोटीतून तीनदा गेलो.
पहिल्यांदा तो "बगर!" ओरडला, म्हणजे गाय,
सगळे एका बाजूला धावलो, बोट कलली,
माझा चष्मा पाण्यात.
दुसऱ्यांदा राखाडी पाठ दिसली,
जवळ गेल्यावर तिच्यावर कुठल्याशा तेलकंपनीचं नाव होतं.
तिसऱ्यांदा त्याने इंजिन बंद केलं
आणि खाली बोट दाखवलं.
स्वच्छ पाणी. तळाशी गवताचं रान,
आणि रानातून वीतभर रुंदीचा एक पट्टा,
बोडका, वाळूचा,
वळत, रेंगाळत, मध्येच बाजूला जाऊन परत आलेला.
"खाऊन गेली," खमीस म्हणाला.
"केव्हा?"
त्याने फक्त खांदे उडवले.

घरी आल्यावर साचे केरात टाकले.
ब्लेड घेतलं आणि माझंच गवत उसवत गेले,
वीतभर रुंद,
वळत, रेंगाळत,
मध्येच बाजूला जाऊन परत.
चार महिन्यांचा धागा ओंजळभर झाला.
कापडावर सुईची बारीक छिद्रं राहिली, ओळीने.
पाणी मारून इस्त्री फिरवली की ती मिटतात,
माहीत आहे मला.
इस्त्री नाही फिरवली.

रविवारी व्हिडिओवर आईला दाखवली.
ती बराच वेळ बघत राहिली,
चष्मा वर, चष्मा खाली.
"इथले टाके निघालेत बघ."
"हो," म्हटलं, "गाय चरून गेली."
आईने मान हलवली,
बांधावरून पाहिल्यासारखी पुन्हा एकदा ती जागा पाहिली
आणि विचारलं,
"कुणाची?"