मुरण

पंप वीस मिनिटं चालू ठेवायचा असतो.
नळीत साचलेलं शिळं पाणी आधी वाहून जाऊ द्यायचं,
मग बाटली भरायची.
तोवर थोरा मेगिन्सन गोठ्याच्या दाराशी उभी राहून
हवामानावर बोलते.
यॉर्कशरात दुसरं बोलायचं तरी कशावर.

पाणी कुठं मुरतंय
हे शोधण्याचाच मला पगार मिळतो.
इथल्या टेकड्या खडूच्या. शाळेतला खडू, तोच.
फळ्यावरचं पुसता येतं,
खडूत लिहिलेलं कसं पुसायचं
हे अठरा वर्षांत मला कळलेलं नाही.
वर वीतभर माती, मातीवर बार्ली,
खाली साठ मीटर पांढरा अंधार
आणि त्यातून पाणी उतरतं
वर्षाला साधारण एक मीटर.
गोगलगायही हसेल.

थोराच्या वडिलांची वही अजून चुलीजवळच्या खणात आहे.
सन १९७६. मार्च: वरच्या शेतात नायट्रोजन, दरवर्षीइतकंच.
जून: पाऊस नाही.
जुलै: पाऊस नाही.
ऑगस्टच्या पानावर नुसती एक रेघ.
बार्ली गुडघ्यालाही लागली नाही,
ताटात वाढलेलं तिनं तसंच टाकलं.
मग सप्टेंबरात आभाळ फुटलं
आणि विल्फ मेगिन्सननं लिहिलं, ‘देवाची कृपा’.
सगळी वही पेन्सिलीत,
हे दोन शब्द तेवढे शाईत.

पेरलं ते उगवतं म्हणतात.
जे उगवण्याच्या कामी आलं नाही त्याचं काय होतं,
ते म्हण सांगत नाही.
ते खाली जातं.
रंग नाही, वास नाही, चव नाही.
लग्नं होतात, विल्फ जातो, ट्रॅक्टर बदलतात,
ते आपलं उतरत असतं.

हिशेब मीच मांडला होता, तिच्या टेबलावर,
विजेच्या बिलाच्या पाकिटामागे:
शहात्तर अधिक साठ.
म्हणजे दोन हजार छत्तीस.
‘तोवर मी नसेन,’ थोरा म्हणाली, आणि केक कापला.

पाण्यानं माझं पाकीट वाचलं नव्हतं.
ऑक्टोबरात लागलेला पाऊस फेब्रुवारी संपला तरी उघडेना.
एरवी गवतात हरवलेला जिप्सी रेसचा ओढा
कुरणातून आपणहून उसळला.
म्हातारी माणसं त्याला दुःखाचं पाणी म्हणतात.
पोरं रबरी बूट घालून त्यात नाचली.
आणि जमिनीखाली पाण्याची पातळी चढली,
अकरा मीटर,
जिन्यात बसलेल्या कुणाला तरी
न्यायला यावं तशी.

पन्नासची मर्यादा. आकडा आला त्रेपन्न.
मी फोन केला नाही, गाडी काढून गेलो.
थोरा बराच वेळ कागद बघत राहिली.
मग म्हणाली, ‘म्हणजे हे बाबांचं?’
जुन्या कोटाच्या खिशात
काहीतरी सापडावं तसा आवाज.
‘त्या वर्षाचं,’ मी म्हटलं.
आत तिच्या नातीचं बाळ रडत होतं.
त्याच्या दुधासाठी आता दुकानातलं पाणी येतं,
सहा-सहा बाटल्यांचे गठ्ठे, खताच्या पोत्यांच्या जागी रचलेले.

यंदा कापणीनंतर तिनं मुळा पेरला.
विकायला नाही, खायला नाही,
मातीत उरलेलं धरून ठेवायला.
‘हे चांगलं पाणी कधी पोचेल?’ तिनं विचारलं.
मी पाकीट शोधू लागलो, मग थांबलो.
‘पाऊस कसा पडतो त्यावर.’
‘हवामानावर,’ ती म्हणाली,
आणि आम्ही दोघंही हसलो, फार नाही.

वीस मिनिटं झाली.
बाटलीवर तारीख घातली, बर्फात ठेवली.
पंप बंद केला तसं
नळीतलं उरलेलं पाणी
घळघळ करत परत खाली गेलं.
थोरा वही उघडून पेन्सिल शोधत होती.