थोडा मळका

कोकिळाबाई पारोळ्याहून आल्या सकाळच्या एसटीनं,
लॅपटॉप टॉवेलात गुंडाळलेला, वरून सुतळीची गाठ.
धुळ्याची पाचवी गल्ली, माझं शटर अजून अर्धंच वर गेलेलं.
"पोऱ्याना शे," म्हणाल्या. "शिरपूरले लगीनमा गयेल शे.
परोनदिन यी. त्याले समजाले नको."

आखाजीची धांदल, त्यात लाइट गेलेली,
खाटेवर गोधडी, गोधडीखाली हा,
आणि हातातलं मांड्यांचं खापर त्यांनी जरा टेकवलं.

खापराला काही झालं नाही.

बटण दाबलं. पंखा फिरला, आतला जीव शाबूत.
डाव्या कोपऱ्यातून निघालेली फूट,
मधोमध शाईचा डाग,
बाकी उभ्या रेघा, जांभळ्या, हिरव्या,
पातळाच्या काठासारख्या, असं मी त्यांना म्हणालो नाही.

आधी बॅटरी सोडवायची, मग कडेची पट्टी.
पट्टीसाठी माझ्याकडे बंद पडलेल्या कंपनीचं सिमकार्ड आहे,
नखापेक्षा बरं.
खटक. खटक.
प्रत्येक खटक्याला बाई डोळे मिटत होत्या.
चार स्क्रू वाटीत. पॅनल कीबोर्डवर पालथा,
खाली चपटी केबल, पाठीवर नंबर.
तीस पिनांचा निघाला. चाळीसचा असता
तर जळगावला फोन करावा लागला असता.

नवा होता कपाटात. लावून दाखवला.
असा पांढरा उजेड पडला
की दुकानातली धूळ दिसायला लागली.
त्या दोन पावलं मागे सरकल्या.
"भाऊ, थोडा मयका नही का भेटाव?"

अठरा वर्षं झाली मला या धंद्यात.
लोक स्वस्त मागतात, ओरिजनल मागतात,
गॅरंटी मागतात, आजच्या आज मागतात.
मळका कुणी मागितला नव्हता.

विचारलं, त्याचा कसा होता? पिवळट?
कुठे एखादा ठिपका?
त्यांनी आठवून पाहिलं, बराच वेळ,
पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.
"माले काय माहीत भाऊ. माले तं यानी पाठच दिखे."

म्हणजे झाकणाची मागची बाजू,
तिच्यावर अर्धं सोललेलं स्टिकर,
आणि वर पोराचं कपाळ, भुवयांपर्यंत.
जेवायला हाक मारायची ती त्या कपाळाला.

भंगारात अमळनेरच्या एका विमा एजंटाचा पडला होता,
मदरबोर्ड जळालेला, स्क्रीन धड.
तीन वर्षं वापरलेला, कडेला किंचित पिवळा,
हळदीचं बोट लागून पुसल्यासारखा.
तोच बसवला. केबल आत सरकवली, वर टेप,
चार स्क्रू, मग पट्टी, खटक, खटक,
या वेळी त्या मोजत होत्या.
पैसे निम्मे सांगितले.
बिलावर नाव नका टाकू, म्हणाल्या,
मग बिलच नको म्हणाल्या.

बटण.
निळं पाणी, पलीकडे बर्फाचा डोंगर,
अकरा वाजून वीस मिनिटं, खाली त्याचं नाव,
नावाखाली एक रिकामी चौकट.
"हाई कोनतं गाव शे?"
माहीत नाही, म्हटलं. चित्रं कंपनीच पाठवते, रोज वेगळं.
"आन मझार?"
आत जायला पासवर्ड लागतो.

हं, म्हणाल्या.
नाव इंग्रजीत होतं, वाचता आलं नसावं,
पण किती अक्षरं ते पाहिलं त्यांनी,
पहिल्यावर बोट ठेवलं.
काचेवर ठसा उमटला.
मी पुसायला कापड घेतलं,
आणि परत खणात ठेवलं.

टॉवेल, सुतळी, तीच गाठ.
साडेबाराची एसटी होती.