पूर्ण चेंडू, पूर्ण रेष

शिरोड्याच्या वेळागरावर, ओहोटीत
टाचेनं ओढलेली गोलरेष
लाटेनं चाटून नेली, आणि नेमका तेव्हाच
चेंडू आत गेला.
की नाही गेला?

दोन्हीकडची पोरं पास्कूच्या अंगावर.
शिट्टी ओठांत तशीच.

तो ओणवा झाला, एक डोळा मिटला,
रोवलेली दोन वल्ही एकामागे एक आणली,
खोल पाण्यात खडपाची जागा हुडकताना
डोंगरावरचा क्रूस आणि एकटा माड
आणतो तशी.

चेंडू ओल्या वाळूत रुतलेला.
पार गेलेला जवळजवळ सगळा,
करवंदाएवढा अजून अलीकडे.

"गोल नाय."

"तियू, पण रेष खंय आसा?"
मिंगेल ओरडला. भाचा. त्यानंच मारला होता.

"होती थंयच आसा.
खेळा आता, पाणी चढता."