नांगर

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती,
आणि होडी वाळूत बसलेली,
दोन्ही उलांड्यांवर रेलून,
दोन कोपरं टेकून बसलेल्या पाहुण्यासारखी.
पाणी येईल, बसा, म्हणाला फाकी.
आम्ही बसलो. पाणी आलं.

पेंबात नावाड्याला नहोधा म्हणतात.
मी मनातल्या मनात नाखवा म्हणून पाहिलं.
शब्द जरासा हलला
आणि जागेवर बसला.

श्रीरंगने निघण्याआधीच लिंबू हुंगायला घेतलेलं.
शिडाला तीन ठिगळं, त्यातलं एक
पिठाच्या पोत्याचं, छाप उलटा: पंचवीस किलो.
वारा नेमका तिथूनच फुगत गेला
मिसाली बेटापर्यंत.

मास्क मी नंबरचा करून घेतलाय, उणे पाच.
पण श्वास तोंडाने घ्यायचा, हे
एकसष्ट वर्षांच्या नाकाला कोण सांगणार?
दोनदा खारं पाणी प्याले.
एकदा आईला हाक मारली,
ती नळीतून कोंबडीसारखी बाहेर पडली म्हणे.

मग मान खाली घातली.

मला वाटलेलं, खाली शांतता असेल.
तर कुणीतरी फोडणी टाकल्यासारखी
सगळीकडून मोहरी तडतडत होती,
आणि एक निळा-हिरवा मासा
प्रवाळाचा खडक दातांनी कुरतडत होता,
अगदी कुरकुर ऐकू येईल असा.
पिवळ्या पिल्लांचा घोळका माझ्या सावलीत येऊन थांबला.
सावली कुणाची आहे
याची कुणी चौकशी केली नाही.

पाण्यात सगळं सव्वापट मोठं दिसतं
आणि जवळ.
हात लांबवला की कळतं,
अजून बरंच आहे.

फाकी बत्तीस वर्षं या पाण्यात बुड्या मारतोय,
उघड्या डोळ्यांनी, धुरकट.
मास्क पाहुण्यांचे असतात, म्हणाला.
श्रीरंगचा कोरडाच पडला होता.
दे त्याला, मी म्हटलं.
त्याने टोपी काढून घडी घातली, बाकावर ठेवली,
पट्टा कानांवरून ओढला
आणि उतरला.

बराच वेळ पाण्यावर त्याची पाठ नुसती तरंगत राहिली.
वर आला तो माशांबद्दल काहीच बोलला नाही.
नांगा, म्हणाला. नांगा यांगू.

हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.
एवढा शेवटचा 'र' तेवढा
वाटेत कुठेतरी पाण्यात पडलेला.

मी खाली पाहिलं. होता.
चार फाळांचा, लोखंडी,
चौथा फाळ प्रवाळाने गिळलेला,
कडीतून एक पट्टेरी मासा आत-बाहेर करतोय,
स्वतःच्या घराचं दार लागतं का पाहावं तसा.

धाकटी जन्मली त्या वर्षी दोर तुटला होता,
दक्षिणेकडच्या वाऱ्यात. नांगर मेहुण्याचा.
काढायचा का? श्रीरंगने लिंबाआडून विचारलं.
फाकी दोराचं टोक हातात धरून बसला.
बोटांनी त्याचे पीळ उलगडले, पुन्हा वळले.
मग म्हणाला,
मेहुण्याला सांगू नका.

आमच्याकडे शेतातलाही नांगरच, मी सांगू लागले.
हातांनी बैल काढले, डोक्यावर शिंगं.
तो एकदम खूश झाला.
शिंगवाला मासा ना? इथे नाही,
पलीकडे, खोल पाण्यात मिळतो.

परतताना श्रीरंग झोपला,
लिंबू होडीभर गडगडत राहिलं.
फाकीच्या तोंडावर मास्कचा वळ होता,
माझ्याही असणार,
कारण आम्ही एकमेकांकडे बघून
दोनदा हसलो, उगाच.

किनाऱ्याजवळ त्याने नांगर टाकला:
दोराने आवळलेला दगड.
टाकण्याआधी गाठ ओढून पाहिली.
मग पुन्हा एकदा.