अस्तर

दोरदोय बाजारात, सतराव्या ओळीत माझा कंटेनर.
खाली दुकान, वर गोदाम.
एकवीस हिवाळे काढले त्या पत्र्याच्या पोटात,
हिशेब लिहिताना पेनातली शाई गोठायची.

काश्गरचा ट्रक तोरुगार्तची खिंड उतरून यायचा,
जोडे, मोजे, प्लास्टिकच्या बादल्या.
अल्माटीची, ओम्स्कची गिऱ्हाइकं
हातोहात उचलायची.
जकात म्हणाल तर मिठाएवढी.

मग करार झाला.
मैदानाकडचं दार सताड उघडलं
आणि डोंगराकडच्या दाराला
कुणीतरी आतून कडी घातली.
तेच जोडे, तोच ट्रक, ड्रायव्हरही तोच, एर्मेक,
भाव मात्र दुसराच.
अल्माटीची बाई जोडा उलटा करून बघत म्हणाली,
"बुरुल्चा, एवढेच मोजायचे
तर मी इथवर कशाला येऊ?"
तिचं चुकलं नव्हतं. परत आली नाही.

समोरच्या तोक्तोसूनने गाशा गुंडाळला.
त्याच्या कंटेनरमध्ये मांजर व्याली आहे.

आणि माझी धाकटी जाऊ, आयसुलू,
तळघरात दोन मशिनं घेऊन बसायची,
आता अकरा.
तिचे झगे नोवोसिबिर्स्कला जातात,
वाटेत कुणी जकात मागत नाही.
"मधे सीमाच उरली नाही गं," म्हणते.
आहे की.
परवा कोर्दायला बटाट्यांचा ट्रक
चार दिवस उभा होता, कोंब फुटेस्तोवर.
कागदावरची रेघ पुसली
तरी रेघेवरच्या शिपायाचा पगार चालूच राहतो.

हल्ली संध्याकाळी मी तिच्याकडे जाते,
गळ्याशी लेबल शिवायला.
कापड चीनचं, चेन चीनची,
अस्तर, बटणं, सुईसुद्धा.
कात्री आमची, टाका आमचा,
तळघराचा ओलसर वास आमचा.
एवढ्यावर झगा इथला ठरतो.
मी विचारलं, किती टाके घातले की
परकं आपलं होतं?
आयसुलू हसली. "वहिनी, तो हिशेब
फॉर्म भरणारा बघतो. तू दोरा ओव."

ओवते.
कधी मनात येतं, यातला एखादा झगा
अल्माटीच्या त्या बाईच्या अंगावर असेल,
मानेला माझं लेबल टोचत असेल.
कापून टाकत असेल बहुतेक.
सगळेच कापतात.