हरकत

सारच्या चौकात, फार्मसीला लागून माझं टायपिंगचं दुकान.
अर्जाला दीड दिनार. घाईचा असेल तर दोन.

सोमवारी हाजी मक्की आले, मागे तिघे शेजारी,
आणि प्लास्टिकच्या फायलीत अख्ख्या गल्लीच्या सह्या.
"लिही," म्हणाले, "माननीय नगरपालिका."
मी लिहिलं.
"आमची वस्ती दोन मजल्यांची. आता नकाशात तिला
दुसरा रंग फासलाय. रंग बदलला की सहा मजले चढतात."
मी लिहिलं.
"सहाव्या मजल्यावरून आमचं अंगण दिसेल,
दोरीवरचे कपडे दिसतील.
माझ्या वडिलांनी लावलेली चौदा खजुराची झाडं, उरली पाच,
त्यांच्यावर दुपारीच सावली पडेल.
आणि खोल्याखोल्यांतून माणसं भरतील, सडीफटिंग,
बायकापोरांवाचून..."
इथं थांबले. माझ्याकडे पाहिलं.
मी स्पेस बारवर अंगठा ठेवून वाट पाहिली.
"तू नाही रे. तू तर आमच्यातला."

आमच्यातला म्हणजे
हाजींच्याच मागच्या भिंतीला टेकून
जिथं आधी बकऱ्या होत्या, मग जनरेटर,
तिथं आम्ही चौघं. सिल्हेटचा मुकद्दस, करीमनगरचा पोसन्ना,
रात्रपाळीचा एक नेपाळी, ज्याला मी फक्त झोपलेला पाहिलाय,
आणि मी, म्हसळ्याचा.
नकाशावर ती खोली नाही. कुठल्याच रंगात नाही.
पण रमजानात हाजींकडून हरीसचं पातेलं येतं,
तळाशी तूप असलेलं,
हेही इथं लिहायला हवं, अर्जात मावलं नाही तरी.

मंगळवारी, ईशाच्या नमाजानंतर, शटर अर्धं खाली असताना
वाकून आत आला जवाद. हाजींचा धाकटा.
"नव्या नकाशाला पाठिंबा," म्हणाला. "तसं लिही."
लग्नाला नऊ वर्षं, दोन मुलं, वडिलांच्या घरातली एक खोली.
सरकारी घराच्या यादीत नाव आहे,
यादी पुढं सरकते तशी मुलांची बुटं मोठी होतात.
थोरली जिन्यावर बसून अभ्यास करते,
येणारेजाणारे तिच्या वहीवरून पाय उचलून टाकतात.
"त्या इमारतीत तिसरा मजला मिळाला तरी पुरे.
आमच्याच गल्लीत राहीन. कुठं लांब जातोय?"
दोन दिनार ठेवले. घाईचे.
"बाबांना बोलू नकोस."
मी दोन्ही अर्जांना एकच समास ठेवला.

शुक्रवारी हायवेच्या कडेनं चालत गेलो,
जुन्या थडग्यांपर्यंत. उकरून ठेवलीत सरकारनं.
पोळ्यातल्या घरांसारखी, एकाची भिंत दुसऱ्याला कामाला आलेली,
गुडघे पोटाशी घेतल्याशिवाय कुणी मावलं नसेल.
चार हजार वर्षं झाली म्हणतात.
पाटीवरचं इंग्रजी मी सवयीनं तपासलं. एक चूक होती.

आमच्याकडे अशा अर्जाला म्हणतात हरकत.
अरबीत हरकत म्हणजे हालचाल,
आणि अक्षराच्या डोक्यावरची ती बारीक रेघसुद्धा
जिच्यामुळे मुकं अक्षर बोलायला लागतं.
अर्जात ती कुणी देत नाही.
वाचणाऱ्यानं समजून घ्यायची.

रात्री खोलीवर आलो तर दारात पोसन्नाचा मेहुणा,
दोरीनं बांधलेली बॅग, नवे बूट.
कंपनीनं कँप बंद केला. एखादा महिना, फार तर दोन.
माझ्या डोक्यात आपोआप उमटलं, सुबक, परिच्छेदासह:
पाणी आधीच पुरत नाही.
संडास एक आहे.
ही खोली चौघांची आहे, आणि पहिल्यापासून तशीच...
पोसन्ना खाली बघत होता.
मुकद्दस गादी ओढत होता भिंतीकडे.
मी पाय जवळ घेतले.

"हरकत नाही," म्हटलं. मराठीतच निघालं तोंडातून.
कुणालाच कळलं नाही.
मेहुण्यानं बूट काढले, आणि ठेवायला
जागा शोधत उभा राहिला.