सांगकाम्यासाठी टीप

तार्तूत आज उणे अकरा.
नदी गोठली आहे, पुलावरची माणसं खांदे आवळून चालताहेत,
आणि मी चौथ्यांदा तेच वाक्य खोडते आहे :
"हे टूल पानाचा पत्ता घेतं आणि पानाचा वेग सांगतं."

वेग हा शब्द लबाड आहे.
कारेल म्हणतो, पुरे एवढं,
वाचणारी माणसं थोडीच आहेत!
खरंय. वाचणार तो यंत्रातला सांगकाम्या,
ज्याला दिवा मालवायला सांगितलं
तर वीजघर मालवून येईल
आणि झालं म्हणून कळवेल.
माणसाला गाळलेलंही कळतं,
नुसती भुवई वर गेली तरी कळतं.
याला लिहिलेलं तेवढंच.

म्हणून शेंगा सोलायला बसावं तशी बसते,
एकेक आकडा हातात घेऊन.
पहिला : पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट दिसेपर्यंतचा वेळ.
मिलिसेकंदांत.
दुसरा : बोट टेकल्यापासून पान दखल घेईपर्यंतचा.
तोही मिलिसेकंदांत.
तिसऱ्याला एककच नाही.
वाचता वाचता पान किती हललं, ते तो सांगतो.

इथे मला आईची मावशी आठवते, लेइडा.
गेल्या मार्चमध्ये बेटावरून तिकीट काढत होती.
'पक्कं करा'वर बोट नेलं,
आणि ऐन वेळी वरून एक जाहिरात उतरली,
बटण खाली सरकलं,
बोट पडलं 'रद्द'वर.
एक बोट चुकलं
म्हणून दुसरी बोट चुकली.
शुक्रवारची गेली, पुढची मंगळवारी,
दाताचा डॉक्टर तोवर सुट्टीवर.
टूलच्या भाषेत हे सगळं
शून्य पूर्णांक काहीतरी.

पुढची नोंद : आकडा सरासरी नसतो.
चारातल्या तिघांना याहून जास्त थांबावं लागलं नाही,
असा त्याचा अर्थ.
चौथ्याबद्दल टूल बोलत नाही.
मीही लिहीत नाही,
हळहळीला रकाना नसतो.

दुपारी चाचणी.
मी मुद्दाम बेटाच्या बोटीचंच पान देते.
टूल जातं, विचारतं, परत येतं
रिकाम्या हातांनी.
हिवाळ्यात तिथे एक्केचाळीस माणसं,
त्यांतल्या नऊजणांचा फोन फक्त हाक मारायला.
एवढ्यांचा आकडा काढत नाहीत. काढूही नये :
चार माणसांची सरासरी म्हणजे
चौघांची चुगली.

पण सांगकाम्या तो रिकामा रकाना उचलतो
आणि अहवाल लिहितो, स्वच्छ, नम्र :
"प्रतीक्षा शून्य मिलिसेकंद. पान उत्तम.
सुधारणेची गरज नाही."

मी खुर्ची मागे ढकलते.
खोटं नाही बोलला तो.
माझीच ओळ तोकडी पडली.

लेइडाला फोन लावते.
पान उघडतं का गं तुझ्याकडे?
"उघडतं की," ती म्हणते,
"मी चहाचं आधण ठेवते,
उकळी येईतो उघडतं.
वारा असला तर दुसरा कपही होतो."

आजच्या दिवसातलं हे एकच मोजमाप
मला एकक न विचारता कळलं.

मग लिहिलं :
"रिकामं म्हणजे शून्य नव्हे.
रिकामं आलं तर पान वेगवान आहे असं समजू नये.
तिथे माणसं आहेत, मोजण्याइतकी नाहीत, एवढंच."

संध्याकाळी कारेलने तपासलं.
पहिल्या दोन ओळी ठेवल्या, तिसरी खोडली.
टूलला जे माहीत नाही
ते त्याच्या तोंडी कसं घालायचं?
बरोबर आहे त्याचं.
मी कोट घातला, काढला, पुन्हा बसले,
आणि तिसऱ्या ओळीच्या जागी लिहिलं :
"तिथे माणसं असू शकतात."

एवढं चाललं त्याला.